बेसबॉल कार्डांच्या मासिकांना ओहोटी का लागली? (आणि माझ्या माळ्यावरच्या अकरा खोक्यांचं काय करू?)

परसदार (धागालेखक)
गेल्या आठवड्यात माळा साफ करायला घेतला. टेक्सासात तळघर नसतं, माळा असतो, आणि जूनमध्ये तिथे पापड वाळवता येतात. मागच्या कोपऱ्यात अकरा खोकी निघाली. सगळी 'बेकेट बेसबॉल कार्ड मंथली' (खेळाडूंच्या कार्डांचे भाव छापणारं मासिक) आणि त्याच्या भावंडांची, म्हणजे बास्केटबॉल, फुटबॉल वगैरे. १९९० ते १९९७. मुलाचा खजिना. मुलगा आता त्रेचाळीस वर्षांचा आहे, सिॲटलला असतो. फोन केला तर म्हणाला, "बाबा, टाकून द्या ना." त्याची आई हेच गेली पंचवीस वर्षं म्हणतेय.

एक खोकं घेऊन कार्डांच्या दुकानात गेलो. मालक माझ्याच वयाचा. झाकणसुद्धा उघडलं नाही त्याने. "कार्डं असतील तर दाखव. मासिकं फुकट दिलीस तरी नकोत." त्याच्या दुकानात जिथे मासिकांची मांडणी असायची तिथे आता मोठा पडदा आहे आणि त्यावर भाव सरकत असतात, शेअर बाजारासारखे.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. नव्वदच्या सुमारास किराणा दुकान, औषधांचं दुकान, विमानतळ, जिथे जाल तिथे ही मासिकं. बेकेट तर डॅलसचंच, म्हणजे आमच्या शेजारचं. शिवाय टफ स्टफ, स्पोर्ट्स कलेक्टर्स डायजेस्ट आणि कितीतरी. बेकेट नंतरही बरीच वर्षं निघत राहिलं, पण तो दरारा गेला तो गेलाच. 'इंटरनेट आलं' हे उत्तर मला पुरत नाही. कारण छंद मेलेला नाही. २०२१च्या मे महिन्यात टार्गेट या दुकानसाखळीने दुकानांतली कार्डविक्री थांबवली होती, कारण विस्कॉन्सिनमध्ये पार्किंगच्या जागेत कार्डांवरून मारामारी होऊन पिस्तूल निघालं. इतकी मागणी! मग त्यावर लिहिणारी मासिकं कशी वाळली?

आणि खोक्यांचं काय करू, तेही सांगा.

तिरकस_तात्या
गुळगुळीत कागद म्हणजे आमचा रद्दीवाला वर्तमानपत्रापेक्षा कमी भाव देतो. जगाच्या किमती छापणाऱ्या मासिकाची शेवटी ही किंमत.

चिंचपोकळी_फास्ट
प्रामाणिक अज्ञान: कार्डं म्हणजे नक्की काय? पत्ते? आणि त्यांच्यासाठी माणसं पिस्तूल का काढतात?

परसदार
@चिंचपोकळी, पत्त्याएवढा पुठ्ठा. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची आकडेवारी. बंद पाकिटात येतात, आत कोण निघेल ते नशीब. टॉप्स कंपनीच्या पाकिटात १९९१पर्यंत च्युइंगगमची गुलाबी पट्टीही असायची. इतकी कडक की दाताला लागायची आणि शेवटच्या कार्डाला डाग पाडायची. खेळाडूच्या पहिल्या वर्षाचं कार्ड म्हणजे 'रुकी', ते सगळ्यांत महाग.

पिस्तुलाचं कारण असं: टॉप्सचं १९५२ सालचं मिकी मँटलचं एक कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्याच १९५२च्या न खपलेल्या पेट्या कंपनीने १९६०मध्ये बोटीवर लादून समुद्रात बुडवल्या, असं ते कार्ड घडवणारे साय बर्जर स्वतः सांगायचे.

चिंचपोकळी_फास्ट
समुद्रात?? बरं. आता कळलं पिस्तूल का.

गुगलीपटू
अवांतर: आपल्याकडेही होतं की! बिग फन बबलगम. आत छोटी कार्डं, त्यांवर रन किंवा विकेट. ठरावीक रन जमवले की दुकानदाराकडून काहीतरी मिळायचं. माझ्या आठवणीत खेळाडूंची चित्रं असलेली पुस्तिका. आमच्या कॉलनीत विकेटची कार्डं दुर्मीळ होती, त्यामुळे एका विकेटला पंधरा रन असा दर होता. कुणी छापलेला नाही. चिंचेच्या झाडाखाली ठरलेला.

सोलापुरी_चादर
@गुगलीपटू, आमच्याकडे एका विकेटला दहाच. तुमच्या कॉलनीने तुम्हाला लुटलं. आणि कार्डं विसरा, आमचा खरा संग्रह म्हणजे स्पोर्टस्टारचं मधलं पोस्टर आणि संदीप पाटील संपादक असलेल्या 'षटकार'मधले कापलेले फोटो. वहीला कव्हर घालायला कपिल, कंपासपेटीत आत श्रीकांत.

डेट्रॉईटचा_दिनू
हा धागा माझ्यासाठीच निघाला असं दिसतंय. १९९१ ते ९३ मी एमएस करत होतो आणि दर शनिवारी डेट्रॉईटच्या एका उपनगरात कार्डांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचो. पगार रोख. व्हिसाबद्दल कुणी विचारू नये.

मालक मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, हात फावड्यासारखे, पण कार्ड उचलायचा तेव्हा कडा अशा धरायचा जसं काही तीर्थ घेतोय. महिन्यातून एकदा नव्या अंकाचं खोकं यायचं. ते लगेच मांडणीवर जायचं नाही. तो एक अंक घरी न्यायचा, रात्रभर पिवळ्या पेनाने खुणा करायचा, आणि सकाळी दुकान उघडायच्या आत आम्ही दोघं काचेच्या कपाटातल्या कार्डांवरचे भाव बदलायचो. ज्या कार्डापुढे अंकात वरचा बाण, म्हणजे भाव चढलेला, त्याची चिठ्ठी आधी. खालच्या बाणाची? "ते सोमवारी बघू." सोमवार कधी आला नाही.

दहा वाजता दाराबाहेर पोरं सायकलींवर बसलेली. काहींच्या आया गाडीत, इंजिन चालू. अंक हातात पडला की बोट चाटून थेट मागची पानं. लेख कुणी वाचत नसे. बारीक टायपातली ती पानं म्हणजे 'बुक'. "बुक काय म्हणतं?" हा प्रश्न मी त्या दोन वर्षांत हजारदा ऐकला असेन. तुझं बारा डॉलरचं, माझी दोन मिळून बारा, झाला सौदा. कुणी मोठं माणूस मध्ये नको की भांडण नको.

प्रत्येक कार्डापुढे दोन रकाने असायचे, जास्तीत जास्त आणि कमीत कमी. पोरगं नेहमी जास्तीचा वाचायचं. विकत घेताना आम्ही कमीचा वाचायचो, आणि त्याच्याही निम्मे द्यायचो. त्या दोन रकान्यांच्या मधल्या फटीत अख्खं दुकान चालायचं, भाडं, वीजबिल आणि माझी खोली धरून.

आता सांगतो ते कुठे बोललो नाही. नव्या अंकात एखाद्या कार्डाचा भाव चढला असेल, तर अंक मांडणीवर जायच्या आधीच्या संध्याकाळी कुणी पोरगं ते कार्ड विकायला आलं की मालक जुना अंक काढून दाखवायचा. मी तिथे उभा असायचो. गप्प. मासिकं का गेली विचारताय ना? माझ्या मते त्या संध्याकाळीच गेली. नव्या अंकाचा भाव आधी कुणाला कळतो यावर धंदा उभा होता. सगळ्यांना एकाच क्षणी कळू लागल्यावर त्या कागदाचं कामच संपलं.

तिरकस_तात्या
दिनू, तीस वर्षांनी कबुलीजबाब. त्या पोरांची माफी माग, ती आता पन्नाशीला आली असतील.

स्टॅट_मावशी
दिनूचा प्रतिसाद सुंदर, पण निष्कर्षाशी असहमत. 

आधी थोडी माहिती. जेम्स बेकेट हे व्यवसायाने संख्याशास्त्रज्ञ. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात शिकवायचे. सत्तरच्या दशकात त्यांनी संग्राहक आणि विक्रेत्यांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन भाव गोळा करायला सुरुवात केली. त्यातून १९७९मध्ये डेनी एक्स यांच्या जोडीने वार्षिक भावपुस्तक आलं आणि नोव्हेंबर १९८४मध्ये मासिक. पहिल्या मुखपृष्ठावर अटलांटाचा डेल मर्फी. त्याआधी भाव म्हणजे प्रत्येक विक्रेत्याची आपापली यादी, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. 

म्हणजे मुळात ते एक सर्वेक्षण होतं. अंक हातात येईपर्यंत आकडे काही आठवडे शिळे झालेले असायचे. ही त्रुटी वाटते, पण मला वाटतं हाच त्याचा उपयोग होता. पंचांगासारखं. गणपती नेमका कोणत्या क्षणी यावा यावर खल करता येईल, पण सगळ्या आळीने एकच पंचांग मानलं की मोदक एकाच दिवशी होतात. छापलेला भाव महिनाभर हलत नव्हता, म्हणून दहा वर्षांची दोन पोरं त्याच्या आधाराने व्यवहार करू शकत होती. आज ईबेवर, म्हणजे ऑनलाइन लिलावाच्या बाजारात, मागच्या तासात काय विकलं ते दिसतं. अचूक आहे. पण दुपारी ठरलेला सौदा संध्याकाळी एकाला फसवणूक वाटतो.

तेव्हा दिनू, कळण्याचा वेग हे माझ्या मते कारण नव्हे. आपण सगळे एकच कागद प्रमाण मानतो, हे गेलं.

सोलापुरी_चादर
म्हणजे टफ स्टफ घेणारे टिळक पंचांगवाले!

स्टॅट_मावशी
अगदी. आणि त्यांचा गणपती महिनाभर आधी यायचा.

रोखठोक
इथे फारच हळवेपणा चाललाय, म्हणून थोडं थंड पाणी.

पंचांग वगैरे ठीक आहे, पण पंचांग काढणारा मोदक विकत नाही. या मासिकांच्या पानापानांवर कार्डं विकणाऱ्यांच्या जाहिराती. भाव छापणाऱ्याला बाजार तेजीत हवासा वाटणारच, त्यात कटकारस्थान शोधायला नको. तेजी आहे तोवर अंक खपतो. १९९९पासून बेकेटने कार्डांना दर्जा देऊन प्लास्टिकच्या कवचात बंद करून द्यायचा व्यवसायही सुरू केला. भाव सांगणारा तोच, दर्जा ठरवणारा तोच. 

दुसरं, कालक्रम बघा. साधारण १९८७ ते ९४ या काळात कंपन्यांनी कार्डं अशी छापली की अमेरिकेतल्या प्रत्येक गॅरेजमध्ये पेटी सापडावी. आज त्या काळाला संग्राहक सरळ 'जंक' म्हणतात. १९८९मध्ये अपर डेक या नव्या कंपनीची कार्डं आली, चकचकीत पाकीट, होलोग्राम, आणि संचातलं पहिलंच कार्ड केन ग्रिफी ज्युनियरचं. सगळ्यांना वाटलं, हेच पुढचं मँटल. पण मँटलचं कार्ड महाग झालं ते आयांनी फेकून दिलं म्हणून. ग्रिफीचं कुणीच फेकलं नाही! मग १२ ऑगस्ट १९९४ला खेळाडूंचा संप झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिकाच, रद्द झाली. १९०४नंतर पहिल्यांदा. पोरं उठली आणि दुसरीकडे गेली. दुकानं पटापट बंद. 

ईबे निघालं १९९५मध्ये. म्हणजे ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे तो घटनास्थळी पोचला तेव्हा रोगी आधीच खाटेवर होता.

डेट्रॉईटचा_दिनू
@रोखठोक, कालक्रम मान्य. आमचं दुकान ९५च्या उन्हाळ्यात बंद झालं असं नंतर कळलं.

पॅकफोडे
मी इथला बहुधा सगळ्यांत लहान (वय २४, पुणे). फुटबॉलची कार्डं जमवतो, सुरुवात मॅच अटॅक्सपासून. मासिक कधीच विकत घेतलं नाही. पण एक मुद्दा कुणी मांडला नाही म्हणून लिहितोय.

आता भाव *छापताच येत नाहीत*. १९९३मध्ये टॉप्सने 'फायनेस्ट' नावाच्या संचात 'रिफ्रॅक्टर' आणले, म्हणजे तेच कार्ड पण इंद्रधनुष्यासारखं चमकणारं आणि कमी छापलेलं. तिथून जे सुरू झालं ते आज असं आहे: एकाच खेळाडूचं, एकाच फोटोचं कार्ड निळं, सोनेरी, लाल, ९९ प्रती, २५ प्रती, ५ प्रती, आणि एक असं की जगात एकच प्रत. जे एकच आहे त्याला 'जास्तीत जास्त' आणि 'कमीत कमी' रकाना कसला? त्यात पुन्हा पीएसए या दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने दर्जा १० दिला की एक भाव, ९ दिला की त्याचा कितीतरी कमी. साध्या डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. हे सगळं कागदावर आणायचं तर दर महिन्याला विश्वकोश काढावा लागेल.

म्हणून मी म्हणतो, मासिकं इंटरनेटने नाही, इंद्रधनुष्याने मारली. :)

स्टॅट_मावशी
हा मुद्दा फारच चांगला. जुन्या अंकात एका खेळाडूच्या रुकीच्या चार-पाच ओळी असायच्या. नंतरनंतर टाईप इतका बारीक झाला की अंकासोबत भिंग द्यायला हवं होतं.

नाणेघाट
उशिरा आलो. माझा कार्डांशी काडीचा संबंध नाही, मी नाणी जमवतो. पण या गोष्टीचं दुसरं टोक आमच्या घरात आहे.

आमच्यात कुठल्याही प्रदर्शनात दोन संग्राहक भेटले की "याचा केएम किती?" असं विचारतात. ग्वाल्हेर संस्थानचा पाव आणा असो की पोर्तुगीज गोव्याचा रुपिया, प्रत्येकाला केएम क्रमांक. हे के आणि एम म्हणजे क्राउझ आणि मिशलर. चेस्टर क्राउझ या गृहस्थाने विस्कॉन्सिनमधल्या आयोला नावाच्या, दीड हजारही वस्ती नसलेल्या गावातून १९५२मध्ये नाण्यांचं वृत्तपत्र सुरू केलं. १९७२मध्ये जगभरच्या नाण्यांचा तो प्रसिद्ध जाडजूड कॅटलॉग आला. परसदारांनी उल्लेखलेलं स्पोर्ट्स कलेक्टर्स डायजेस्ट याच आयोलाच्या क्राउझ प्रकाशनाने चालवलं, आणि टफ स्टफसुद्धा पुढे त्यांच्याचकडे आलं.

२००२मध्ये हा सगळा संसार एका मोठ्या प्रकाशन कंपनीने विकत घेतला. ती २०१९च्या मार्चमध्ये दिवाळखोरीत गेली. नाणी, कार्डं, विणकाम, चित्रकला, सगळ्या छंदांची मासिकं एकाच बोटीत होती. तेव्हा रोखठोक, रोगी खाटेवर होता हे खरं, पण खाटही गहाण होती.

आता मुद्द्याचं. माझ्याकडे कॅटलॉगची जुनी आवृत्ती आहे, टेलिफोन डिरेक्टरीपेक्षा जाड. त्यातल्या किमतींवर आज कुणी हसेल. पण पुस्तक रोज उघडतो, क्रमांकासाठी आणि कोणत्या टांकसाळीत काय पडलं त्यासाठी. किंमत शिळी होते, यादी होत नाही. परसदार, तुमच्या अंकांत किमतींशिवाय काय आहे ते एकदा बघा.

रोखठोक
याद्या सगळ्या ऑनलाइन आहेत हो.

पॅकफोडे
@रोखठोक, सगळ्या नाहीत आणि असलेल्या बरोबर असतीलच असं नाही. स्थानिक पोलीस खात्याने वाटलेली, ब्रेडच्या पाकिटातली, अशी कितीतरी कार्डं आहेत. त्यांच्याबद्दल कुठे दुरुस्ती करायची तर पुरावा म्हणून लोक जुन्या अंकातल्या जाहिरातीचा फोटो टाकतात. 

परसदार काका, तुमच्याकडे १९९३चे अंक आहेत का? फायनेस्ट बाजारात आलं तेव्हाचे? पाठवता येतील?

चिंचपोकळी_फास्ट
मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. अज्ञान झपाट्याने कमी होतंय.

गुगलीपटू
@सोलापुरी, रात्री भावाला फोन केला. त्याच्या मते एका विकेटला *वीस* रन होते आणि दर मीच ठरवला होता. विषय बंद करतोय.

परसदार
सगळ्यांचे आभार. दोन दिवस पहाटे पाचला माळ्यावर जाऊन एकेक खोकं उघडतोय. सातनंतर तिथे थांबता येत नाही.

उष्णतेने चकचकीत पानं एकमेकांना चिकटलीत. तीन खोकी तर विटा झाल्यात. पण बाकीच्यांत, नाणेघाट म्हणाले तसं, किमतींशिवाय बघायला लागलो. वाचकांनी पाठवलेली खेळाडूंची चित्रं. एका पोराचं पत्र, धाकट्या भावाने कार्ड चावलं तर दर्जा किती कमी होतो. आणि समासात आमच्या चिरंजीवांचं पेन्सिलकाम. त्याच्याकडे असलेल्या प्रत्येक कार्डापुढे बरोबरची खूण, महिन्याअखेरीस मागच्या कव्हरच्या आत बेरीज. जून ९२: ३८६.५०. जुलै: ४०१.२५. सप्टेंबर ९४मध्ये बेरीज नाहीच, नुसती एक रेघ. (रोखठोक, तुमचा संप.) त्याला दशांश चिन्ह शाळेत समजेना तेव्हा मी रोज रागवायचो. इथे एकही बेरीज चुकलेली नाही. सगळी 'जास्तीच्या' रकान्यातली, हे मात्र दिनूने सांगितलं तसंच.

आता माझाही कबुलीजबाब. १९९०मध्ये मी कार्डांच्या तीन सीलबंद पेट्या घेतल्या होत्या, त्याच्या कॉलेजसाठी. बाण वर होता. बायकोला सांगितलं नव्हतं. त्या पेट्या अकराव्या खोक्याच्या मागे निघाल्या, अजून सीलबंद. दुकानदाराला फोटो पाठवला. तो म्हणाला, घेतल्या त्या किमतीला गेल्या तरी नशीब समज.

पेन्सिलच्या पानांचे फोटो मुलाला पाठवले. दोन तास काही नाही. मग उत्तर आलं: "ते अंक ठेवा. बाकीचे काय करायचे ते करा." मग अजून एक: "पेट्या कुठून आल्या?"

@पॅकफोडे, १९९३चे नऊ अंक सुस्थितीत आहेत, तुमचेच. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फक्त भारतात पाठवायला बहुधा कार्डांपेक्षा टपाल महाग पडेल.

डेट्रॉईटचा_दिनू
मला त्या विटांपैकी एक चालेल. खरंच. ९२ची कुठलीही. मी अमेरिकेतच आहे, स्वस्तात येईल. मीडिया मेलने (इथलं पुस्तकांसाठीचं स्वस्त टपाल) पाठवा.

परसदार
@दिनू, चौकशी केली. मासिकात जाहिराती असतील तर मीडिया मेल चालत नाही. पुस्तकाला चालतं.

रोखठोक
बघा, मी जाहिरातींबद्दल आधीच सांगितलं होतं.

तिरकस_तात्या
पेट्यांबद्दल वहिनींना कळलं का?

परसदार
त्या हा धागा वाचतात, तात्या. आत्ता कळलं असेल.